एकोणिसावा माणूस कसे व्हावे

वसई रोड स्टेशनवरून वसई गावाकडे निघाले की वाटेत पापडी लागते आणि पापडीत भूक लागते. बाजाराला आलेली माणसे, रविवारची मिस्सा आटोपून कॅथेड्रलमधून बाहेर पडलेली कुटुंबे, किल्ला आणि समुद्र बघून परतणारे मुंबईकर, सगळ्यांनाच टेबल लगेच हवे असते. त्यांना जेवू घालणाऱ्या विशीतल्या मुलांसाठी ही मार्गदर्शिका आहे. यशस्वी कसे व्हावे यावर पुस्तके उदंड आहेत; आहे तिथेच दहा वर्षे कसे राहावे, या कठीण विषयाकडे मात्र कोणी शास्त्रशुद्ध लक्ष दिलेले नाही. मुलगा तिशी आली तरी टेबलावर फडकाच मारतो आहे तो आळसामुळे किंवा मोबाइलमुळे, असा लोकांचा समज आहे. हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे. रोज बारा तास राबूनही मागे काहीच साठू न देणे एकट्याच्याने जमत नाही. त्याला मालक, सरकार आणि गिऱ्हाईक या तिघांचा हातभार लागतो.

तेव्हा कामाला लागताना पगार विचारण्याआधी माणसे मोजावीत. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा कामाचे तास ठरवतो, आठवड्याची सुट्टी देतो, जादा कामाला दुप्पट मोबदला देतो. पण हे सारे मूळ कायद्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे. त्यामुळे नववा माणूस होणे हा सुरक्षित मार्ग होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा विसावर न्यायला मंजुरी दिली आणि रोजचे नऊ तास दहा करण्यालाही. जुन्या मार्गदर्शिका त्यामुळे रद्दीत गेल्या. भविष्य निर्वाह निधीची सक्ती आधीपासूनच वीस माणसांवर सुरू होते, म्हणजे एकोणिसावा हा आकडा आता दुहेरी शुभ झाला आहे. मोजताना मोरीवरची मावशी, तंदूरवाला आणि पार्सल बांधणारा पोऱ्या धरू नयेत. मालकही धरत नाही.

यावर हुशार वाचक म्हणेल, किमान वेतन तर एकट्या कामगारालाही लागू आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे, म्हणूनच पुढची दक्षता सर्वांत महत्त्वाची: कागद होऊ देऊ नये. नेमणुकीचे पत्र मागू नये. पगार रोख घ्यावा, तोही पूर्ण न घेता आधी उचल घेऊन, मग खाडे कापून, उरलेला हप्त्याहप्त्याने, म्हणजे महिन्याचा खरा आकडा किती हे आपल्यालाही सांगता येऊ नये. कायदा हक्क देतो, पण हक्क मागायला गेलेल्याला आधी विचारले जाते की तू इथे कामाला होतास याला पुरावा काय. ग्रॅच्युइटीचेच घ्या. दहा माणसांच्या हॉटेलात सलग पाच वर्षे काढली आणि शेवटचा पगार पंधरा हजार असला, तर वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने 43 हजारांच्या वर रक्कम होते. पोराला पाच वर्षांच्या पाच दिवाळ्या आठवतात, पण दाखवायला एक चिठ्ठी नसते. मग शेजारच्या हॉटेलात पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून तो दुसऱ्या वर्षीच उडी मारतो आणि ‘हल्लीची मुले टिकत नाहीत’ हे वाक्य गल्ल्यावर खरे ठरते. टिकण्याचा मोबदला मिळणारच नसेल तर पाचशेची वाढ सोडणे हा शुद्ध बावळटपणा होय.

आता मोठा आक्षेप. कप-बशा विसळणारेच पुढे मालक झाले, हे खरे नाही का? खरे आहे. लहानपणी मुंबईत येऊन हॉटेलात भांडी घासलेल्या रामा नायक यांनी 1942 साली माटुंग्यात उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. पण हे उदाहरण देणारे त्यांची जिद्द तेवढी सांगतात, भोवतालचे सांगत नाहीत. दक्षिण कानडातून आलेल्या त्या मुलांच्या पाठीशी गावचे जातभाई होते, मुंबईत कानडी रात्रशाळा होत्या. रात्रशाळेची वेळ म्हणजे आज पनीर टिक्क्याची वेळ. आणि पापडीत आज गाळा घ्यायचा तर डिपॉझिट लागते, डिपॉझिटसाठी कर्ज लागते, कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो, आणि पुरावा होऊ द्यायचा नाही असे वरच्या परिच्छेदात ठरले आहे. दहा वर्षे तंदूर सांभाळणाऱ्याच्या हाताला चव असेल, पण कागदावर तो काल आलेल्या पोऱ्याइतकाच नवखा असतो.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. नऊ माणसांच्या हॉटेलाचा मालक काही टाटा नव्हे. बरेचदा तोच गल्ल्यावर, तोच भट्टीवर. भाडे, सिलिंडर, घरपोच मागवणाऱ्या ॲपचे कमिशन, श्रावणात एकीकडे आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दुसरीकडे पातळ होणारे मटणाचे गिऱ्हाईक, हे सारे खरे आहे. त्याला पगार दुप्पट करायला सांगणे अन्यायाचे होईल. पण नाव, तारीख आणि पगार लिहिलेल्या कागदाला खर्च किती? नेमका हा फुकटचा भाग टाळला जातो, तेव्हा परवडत नाही हे कारण तिथे लागू पडत नाही. हा कागद नसला की काय होते ते टाळेबंदीत दिसले. मार्च 2020 मध्ये हॉटेले बंद झाली. महाराष्ट्रात बसून जेवण पुन्हा सुरू झाले ते 5 ऑक्टोबरला. मधल्या सहा महिन्यांत ज्यांची कामे गेली, त्यांच्यापैकी चिठ्ठीसुद्धा नसलेले कागदोपत्री बेकार झालेच नाहीत, कारण कागदोपत्री ते कामावर नव्हतेच.

शेवटी काही धोक्याच्या सवयी, ज्यांपासून दूर राहावे. साध्या वहीत रोजची तारीख, आल्याची आणि सुटल्याची वेळ, मिळालेले पैसे लिहिणे. पगार बँकेत टाका म्हणून शेठच्या मागे लागणे. मालकाने व्हॉट्सअॅपवर टाकलेले ‘उद्या सकाळी सातला ये’ हे निरोप न पुसणे. आणि सर्वांत घातक म्हणजे, हॉटेलातल्या उरलेल्या अठरा जणांनाही तसे करायला शिकवणे. कोणी सुचवलेच तर ‘चार नंबरला बिल द्यायचंय’ म्हणून तिथून सटकावे.