एकास दहा

२०२५ च्या नोव्हेंबरात नाशिक महापालिकेनं तपोवनातल्या सुमारे १,८०० झाडांना जागा खाली करायला सांगितलं आणि नाशिककर उगाचच खवळले. २०२७ च्या सिंहस्थाचं साधुग्राम तिथं वसायचंय. साधू येणार, झाडं तर नुसतीच उभी; उठायचं कुणी, हे उघड आहे. तरी लोक खोडांना मिठ्या मारून बसले, अभिनेते सयाजी शिंदे येऊन गेले, हरकतींचे गठ्ठे पडले आणि डिसेंबरात हरित लवादानं कुऱ्हाडीला तात्पुरती स्थगिती दिली.

या गोंधळात कुंभमेळामंत्री गिरीश महाजनांच्या हिशेबाकडे कुणी नीट पाहिलंच नाही. एका झाडाच्या बदल्यात दहा! एवढा परतावा सांगणाऱ्या चिटफंडवाल्याला पोलीस शोधत असतात. आता कायद्यात २०२१ पासून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची तरतूद आहे, म्हणजे साठीच्या वडाला साठ. पण एवढी घासाघीस कुठंही होतेच.

प्रशासनाचं म्हणणं, यातली बरीच झाडं २०१५ च्या कुंभानंतर वाढलेली. म्हणजे हे बारा वर्षांचं पीकच की! मग १,८०० तोडून १८,००० लावा. पुढच्या सिंहस्थाला ती तोडा, १,८०,००० लावा. त्यापुढच्या सिंहस्थाला १८ लाख. तीन कुंभांत जिल्हा गर्द हिरवा, तोही निव्वळ तोडून. झाडाला मिठी मारणारा माणूस वनीकरणाच्या आड येतोय, हे त्याला कुणी समजवावं?

बरं, बदल्यातली झाडं आणायची कुठून, तर आंध्रातल्या राजमहेंद्रीहून. १५,००० झाडं, ट्रकनं. गोदावरी आपल्या त्र्यंबकला उगम पावते आणि थेट राजमहेंद्रीवरून समुद्राला मिळते. इथून आपण तिच्याबरोबर सांडपाणी, निर्माल्य आणि प्लास्टिक खाली धाडतो. तिकडून झाडं वर येतात. एकाच खोऱ्यातला व्यापार असा दुतर्फी हवा.

नदीवरून आठवलं. २००३ च्या सिंहस्थासाठी भाविकांची सोय म्हणून गोदापात्रात काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गेली. झरे बुजले, असं नदीप्रेमी तेव्हापासून ओरडताहेत. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरनं पाणी सोडावं लागलं. गंगा दारात आणि आंघोळीला टँकर! पुढं स्मार्ट सिटीनं तेच काँक्रीट फोडायचं काम काढलं. ओतणाऱ्याचं बिल निघालं, टँकरवाल्याचं निघालं, फोडणाऱ्याचंही. राज्याच्या उत्पन्नात तिन्ही जमा. नदी होती तशी राहू दिली असती, तर विकासदरात एका पैशाची भर पडली नसती.

तपोवनातल्या चिंचेचं दुखणं नेमकं हेच. तिच्याखाली ऊन लागत नाही, पाऊसही थोडाफार वरच अडतो, पण पावती कोण फाडतं? कोटेशन नाही, अनामत रक्कम नाही, अभियंत्याची सही नाही. असल्या बेहिशेबी सावलीनं अर्थव्यवस्था वाढायची कशी? त्याच जागी पत्र्याची शेड घातली की भाडं आलं, वायरिंग आलं, पंखे आले, वर जीएसटी. मेळा उलगला की शेड उतरवायचं बिल वेगळं.