दोन एमबीच्या वेबपेजास

प्रति,
फुगलेले वेबपेज,
मु. पो. आमच्या मोबाइलचा पडदा.

तुला नमस्कार घालायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

परवा कशेळ्याच्या पुढच्या एका वाडीत शेजारच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही बसलो. फोनवर रेंजची एकच काडी. आधी तुझा लोगो आला. मग मान्यवरांचे फोटो एकामागून एक सरकू लागले. मग कोपऱ्यात चॅटबॉट उगवला आणि आपली काय मदत करू, असे विचारू लागला. नाव लिहायची चौकट मात्र उमटेना. ती उमटेपर्यंत सेशन संपले आणि तू त्या पोराला पुन्हा लॉगिन करायला सांगितलेस. वेळ खाल्लास तू आणि शिक्षा त्याला!

मी संगणकशास्त्र शिकते. कॉलेजच्या लॅबमध्ये तुला उघडून तुझे वजन तपासले. अर्जाचा मजकूर मोजक्या केबींचा, बाकी सगळा पसारा: जाड-बारीक फॉन्ट, फोटो सरकवणारी लायब्ररी, कोण कुठे बोट ठेवतो ते टिपणाऱ्या स्क्रिप्ट. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, तरी हे अख्खे पत्र दहा केबींच्या आसपास बसते. तू दोन एमबींच्या वर. अशी दोनशे पत्रे मावतील एवढा बोजा घेऊन येतेस आणि एक चौकट दाखवायला तुला जमत नाही.

जड फोटो निदान उतरला की दिसतो. जावास्क्रिप्टचे तसे नाही. ती उतरवायची, वाचायची, प्रोसेसरला कळेल अशी करायची आणि मग चालवायची. महागड्या लॅपटॉपवर हे पापणी लवायच्या आत होते. स्वस्तातल्या फोनचा पडदा तेवढ्यात थिजतो. तुला घडवणाऱ्याच्या टेबलावर तो लॅपटॉप असतो, डोक्यावर ऑफिसचे वाय-फाय असते, आणि तुझी चाचणी तिथेच संपते.

तुझे पूर्वज असे नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये तयार केलेले, 1991 साली जगाला खुले झालेले पहिले पान म्हणजे मजकूर आणि दुवे, बस्स. ते आजही कुठल्याही फोनवर झटकन उघडते. वेबपानांची वजने नोंदवणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हनुसार 2010 च्या अखेरीस पानाच्या वजनाचा मध्यक अर्ध्या एमबीच्या आत होता; आज तो दोन एमबींच्या पुढे आहे. यंत्रांचा वेग जेवढा वाढतो त्याहून भरभर सॉफ्टवेअर मंदावते, हे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी 1995 मध्येच बजावले होते. 2016 नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला आणि ती सगळी सवलत तूच गिळलीस.

एकदा कर्जत स्टेशनात येऊन उभे राहा. पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना इथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने लावतात, कारण पुढे भोर घाटात 37 ला 1 चा चढ आहे. गाडीचे वजन किती, चढ केवढा, जोर किती लागेल, याचा हिशेब रेल्वे 1863 पासून करते आहे. तुला घडवणाऱ्यांनी चढ कधी पाहिलेलाच नाही.

हलके होता येत नाही, हे मला सांगू नकोस. *99# दाबले की बटणांच्या साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय यूपीआयने पैसे जातात. पैसे जातात, मग नाव-पत्ता का जात नाही?

खोड आमच्या वर्गापासूनच लागते, हेही सांगते. प्रोजेक्टमध्ये ॲनिमेशनला मार्क मिळतात, फ्रेमवर्क नवे असले की शाबासकी मिळते. पान किती केबींचे आणि साध्या फोनवर किती वेळात उघडते, हे परीक्षक विचारत नाहीत. त्याच वर्गातून उद्या तुझे कारागीर निघणार. हा प्रश्न परीक्षेतच विचारला गेला पाहिजे.

तुझ्याकडून मला एवढेच हवे: आधी मजकूर आणि चौकटी, शोभा नंतर. अर्धवट भरलेला अर्ज फोनमध्येच जपून ठेव आणि रेंज आली की पाठव. ब्राउझरमध्ये ही सोय कधीचीच आहे.

अर्जाची मुदत जवळ आली आहे. तू असेच राहिलेस, तर त्या मुलाच्या वडिलांना एका दिवसाची मजुरी बुडवून कर्जतला ई-सेवा केंद्र गाठावे लागेल. मिनीडोअर रिक्षाचे भाडे वेगळे, अर्ज भरून घेण्याचे पैसे वेगळे. तुझ्या सरकत्या फोटोंचे बिल ते भरणार आहेत.

कळावे,
संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी
ता. कर्जत, जि. रायगड