दोन चमचे

लॅपटॉपवर चहा सांडला तेव्हा मी सगळ्यात आधी कपात उरलेला चहा पिऊन टाकला. कायद्याच्या भाषेत याला पुरावा नष्ट करणे म्हणतात. डॉक्टरांनी माझी साखर बंद केल्याला आठ महिने झाले होते आणि त्या चहात दोन चमचे साखर होती.

घरात माझ्या वाट्याला बिनसाखरेचा चहा येतो. तो घेऊन मी सोसायटीचे हिशोब करायला आतल्या खोलीत जातो, दार लोटतो आणि फायलींच्या मागे ठेवलेली च्यवनप्राशची जुनी बरणी काढतो. त्या दिवशी ढवळत असतानाच हिची चाहूल लागली, हात हलला आणि कप कीबोर्डवर कलंडला. मेंटेनन्सच्या रकान्यात आपोआप साताचे आकडे उमटायला लागले. बी विंगमधल्या एका गरीब सभासदाकडे काही क्षण ७७,७७,७७७ रुपये थकबाकी होती. मग स्क्रीन काळी झाली.

"काय झालं?" ही दारात.

"काही नाही, पाणी सांडलं."

एकदा पाणी म्हटलं की सगळ्या जगाला पाणीच सांगत बसावं लागतं. आईने लॅपटॉप तांदळाच्या डब्यात पुरायला लावला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढला, तर आंबेमोहोराचे दोन दाणे यूएसबीच्या भोकात अडकलेले. बाकी प्रगती काही नव्हती. त्या दिवसाचा भात मात्र सुटसुटीत झाला होता.

शेवटी पुणे रस्त्यावरच्या एका गाळ्यात गेलो. दुरुस्तीवाला पोरगा माझ्या मुलापेक्षा लहान, पण बोलणं थेट सिव्हिल सर्जनचं. त्याने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून एका वाटीत टाकले आणि पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवली.

"काय सांडलं, काका?"

"पाणी."

"फिल्टरचं का बोअरचं?"

असा प्रश्न येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. "फिल्टरचं," मी म्हणालो. एका खोट्याला दुसरं खोटं असं चिकटत जातं.

"मंग बरंय. बोअरचं क्षार लई धरतं." त्याने आतला भाग पुसला, गरम हवेने वाळवला आणि कीबोर्ड गेल्याचं जाहीर केलं. या मॉडेलचा कीबोर्ड बारीक प्लास्टिकच्या टाक्यांनी वरच्या पॅनलला कायमचा जोडलेला असतो, म्हणून अख्खं पॅनलच मागवावं लागणार होतं. पॉवरचं बटणही त्यातच. ३,२०० रुपये.

पॅनल मी स्वतःच ऑनलाइन मागवलं, दोनशे रुपये वाचतात म्हणून. आम्ही नगरच्या केडगावचे. नगरचं अहिल्यानगर २०२४ साली झालं, पण फॉर्मच्या यादीत कुठे जुनं नाव असतं, कुठे नवं. मी गोंधळून नुसतं 'केडगाव, पुणे रोड' लिहिलं. पार्सल गेलं दौंड तालुक्यातल्या केडगावला. त्या केडगावला रेल्वे स्टेशन आहे आणि पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशनही तिथलंच. माझ्या कीबोर्डला तिथे जाऊन जन्माची मुक्ती मिळाली असती, पण आठ दिवसांनी तो परत संसारात आला.

ते आठ दिवस मी हिशोब वहीत लिहायला बसलो. याच नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. त्यांना पाच हजार वर्षांचा हिंदुस्थान जमला, मला पाण्याच्या टँकरच्या तीन पावत्यांची बेरीज जमेना.

नवं पॅनल बसलं. लॅपटॉप सुरू झाला, पेढे वाटायचेच बाकी होते. घरी येऊन बघतो तर टचपॅड मेलेलं. चार्जर लावला की 'जोडलेला आहे, चार्ज होत नाही' असा निरोप, म्हणजे घरात राहूनही अबोला. आणि रात्री दोन वाजता लॅपटॉप आपला आपण चालू झाला. पंखा घोंघावतोय, अंधारात निळा उजेड. आई उठून बसली आणि तिने देवीला हात जोडले. आम्ही राहतो केडगावच्या देवीच्या रस्त्याला. इथे अवेळी काही चालू-बंद झालं की पहिला हिशोब रेणुकामातेकडे लागतो. आईने विचारलं, "घरात कोणी काही खोटं बोललंय का?"

मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी हीसुद्धा दुकानात आली. पोराने सगळे भाग सुटे केले. नुसता बोर्ड, एक रॅमची पट्टी आणि चार्जर, एवढ्यावर चालू करून पाहिलं. मग एकेक भाग जोडत गेला. लग्नात पाहुण्यांमध्ये कोण रुसलंय हे शोधायला जसं एकेकाला जेवायचा आग्रह करत फिरावं, तसं. टचपॅडचं दुखणं किरकोळ निघालं. त्याच्या चपट्या पट्टीचं काळं लॉक बसवताना दाबायचं राहिलं होतं. नखाने दाबलं, पॅड जागं झालं. 

मग त्याने डोळ्याला भिंग लावलं. कीबोर्डची पट्टी बोर्डला जिथे जोडतात तिथे आणि चार्जिंगच्या कनेक्टरखाली तपकिरी साय धरली होती, कडेला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. त्याने कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून तिथे फिरवली, उचलून बघितली आणि नाकाजवळ नेली.

"काका, फिल्टरच्या पाण्यात तुम्ही आलं टाकता का?"

दुकानात शांतता.

"आलं मीच टाकते," ही म्हणाली. "पण ते एवढं चिकट कशाने झालं?"

"साखर, काकू. दोन चमचे तरी असंल."

डॉक्टरांची ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीसुद्धा इतकं नेमकं बोलत नाही. पोरगा समजावून सांगत होता, आणि ही एकेक शब्द ऐकत होती. चहातलं पाणी उडून जातं, दूध आणि साखर तिथेच बसतात. साखर हवेतली ओल ओढते, मग दोन टोकांमध्ये थोडा थोडा करंट पाझरतो. बोर्डाला वाटतं कोणीतरी बटण दाबलं. हळूहळू तांबं गंजतं. "पयल्या दिवशी चहा म्हणाला असता तर बोर्ड तेव्हाच धुतला असता, काका. कनेक्टर वाचला असता."

नव्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि पाऊण तास. गंजलेला कनेक्टर बदलला. खोट्याची किंमत ६०० रुपये, पॅनल वेगळं. रात्री दोन वाजता आता घरात कोणी जागं होत नाही.

येताना देवळासमोर हिने गाडी थांबवायला लावली. काही बोलली नाही. मीच चप्पल काढली, आत गेलो आणि बरणीची जागा सांगून टाकली.

तेव्हा वाचकहो, लॅपटॉपवर काही सांडलं तर चार्जर काढा, बटण दाबून धरून तो बंद करा, पालथा घाला आणि पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. तांदूळ भाताला ठेवा. दुकानात काय सांडलं ते खरं सांगा, साखरेसकट. च्यवनप्राशच्या त्या बरणीत सध्या मेथ्या आहेत.