ओपसवाले भाऊ

नागपुरातल्या कुठल्याही लग्नात जेवणं रंगात आली की बोलणं पनीरवरून हॉलवर आणि हॉलवरून हॉलच्या भाड्यावर येतं. नेमक्या त्या वेळी एक गृहस्थ ताट बाजूला सरकवतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, ‘‘आम्ही ओपसमध्ये होतो ना, तेव्हा...’’ दुबईत होतो, असं ते म्हणत नाहीत. दुबई आता शेजारपाजारचे सगळेच करून आलेत. नागपूरहून शारजाला एअर अरेबियाचं आणि दोह्याला कतार एअरवेजचं विमान थेट जातं. मुंबईचं तोंडही न पाहता माणूस आखातात उतरतो. त्यामुळे ‘जाऊन आलो’ यात काही वजन उरलेलं नाही. वजन आहे ते ‘कुठं थांबलो’ यात. या गृहस्थांचं नाव काहीही असो, सगळे त्यांना भाऊच म्हणतात.

भाऊंचा धंदा लेआउटचा. मनीषनगरच्या पलीकडे बेसा-पिपळ्यापर्यंत जी शेतं होती तिथं आज कॉलन्या आहेत, आणि त्यातल्या दोन-चारांच्या कमानीवर भाऊंच्या वडिलांचं नाव आहे. सातबारा, एनए, आरएल, एफएसआय यांच्याशिवाय भाऊंचं वाक्य पुरं होत नाही. इमारत दिसली की आधी ते मजले मोजतात, मग साइड मार्जिन पाहतात. सौंदर्याचा विषय निघालाच तर ‘‘एलिव्हेशन बरं आहे’’ इथं तो संपतो. अशा माणसाला पुण्यात आयटीत असलेल्या लेकीनं साठीची भेट म्हणून दुबईतल्या डिझाइन हॉटेलाचं बुकिंग करून दिलं.

‘‘डिझाइन हॉटेल म्हणजे? बाकीचे काय बिनडिझाइनचे बांधून राहिले का?’’ भाऊंनी फोनवर विचारलं. लेकीनं फोटो पाठवला. भाऊंनी तो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘‘बिल्डिंगले मधात एवढं मोठं भोक काहून आहे?’’

प्रश्न अगदीच वेडगळ नाही. बिझनेस बे भागातली ‘ओपस’ ही इमारत झाहा हदीद यांची. त्या मूळच्या बगदादच्या, आणि २००४ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद. दुरून पाहिलं तर काचेचा चौकोनी ठोकळा आणि त्याच्या मधोमध कुणीतरी कुरतडून काढलेली आठ मजली वेडीवाकडी पोकळी. खरं तर ते दोन मनोरे आहेत. खाली चार मजली दालनानं आणि वर, जमिनीपासून ७१ मीटरवर, तीन मजली पुलानं जोडलेले. उंची जेमतेम ९३ मीटर. जवळच बुर्ज खलिफा ८२८ मीटरवर उभा असताना उंचीच्या शर्यतीत उतरण्यात अर्थच नव्हता, म्हणून बाईंनी पोकळी बांधली, असं म्हटलं तरी चालेल. आराखडा २००७ मध्ये मांडला गेला, २०१६ मध्ये त्या वारल्या आणि हॉटेल उघडलं २०२० मध्ये, नेमक्या करोनाच्या वर्षी. ७४ खोल्या, १९ स्वीट. बाहेरची भिंत आणि आतली खुर्ची, दोन्ही हदीदबाईंच्याच हातची असलेलं हे एकच हॉटेल. भाऊंच्या लेखी या सगळ्याचं सार इतकंच, की प्राइम लोकेशनला आठ मजल्यांचा एफएसआय हवेत सोडून दिला.

निघण्याआधीचा आठवडा वहिनींचा. संयुक्त अरब अमिरातींत खसखस नेता येत नाही. ती तिथं बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. आणि सावजी मसाला असो की पुडाच्या वडीचं सारण, विदर्भात खसखशीवाचून पान हलत नाही. वहिनींनी बिनखसखशीच्या वड्या केल्या आणि ‘‘मजा नाही आली’’ हे पुढे सगळी सहल ऐकलं. तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्ऱ्याचं दुखणं याहून मोठं. दुबई कस्टम्सच्या बंदीच्या यादीत विड्याच्या पानासकट पानाचे सगळे पदार्थ आहेत. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली तेव्हाही भाऊंचा खर्रा एक दिवस चुकला नव्हता. सोनेगावच्या विमानतळाबाहेर त्यांनी शेवटचा खर्रा तोंडात टाकला. त्यानंतर जबडा मोकळा राहिला, आणि बोलणं वाढलं ते तेव्हापासून.

शारजात उतरल्यावर टॅक्सीवाला पेशावरचा निघाला. भाऊंनी त्याला एप्रिल १९९८ मधलं वाळूचं वादळ, सचिनच्या १४३ धावा आणि मग एक दिवस सोडून १३४ धावा, हे सगळं नागपुरी हिंदीत दुबई येईपर्यंत ऐकवलं. त्या माणसानं शेवटी रेडिओ लावला.

हॉटेलात खोली मिळते दुपारी. भाऊ पोचले सकाळीच. झाहा हदीदनं घडवलेले लॉबीतले सोफे फुलाच्या पाकळ्यांसारखे वळलेले. त्यांना पाठ कुठली आणि बूड टेकायचं कुठं, हे ठरवण्यात थोडा वेळ गेला. मग वहिनींनी डबा काढला. जगातल्या फार थोड्या वास्तुविशारदांच्या सोफ्यावर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याची फोड आली असेल. एका कर्मचाऱ्यानं येऊन अदबीनं पाणी ठेवलं. भाऊंनी आधी विचारलं, ‘‘ये फ्री है ना?’’ आणि फ्री आहे म्हटल्यावर अजून दोन बाटल्या मागवल्या.

काउंटरवर खरी लढत झाली. भाऊंना कुणीतरी सांगितलेलं, दुबईत टॅक्स नाही. इन्कम टॅक्स नाही, हे खरं. पण खोलीच्या बिलात १० टक्के सेवा आकार, ७ टक्के पालिकेचं शुल्क, ५ टक्के व्हॅट आणि वर ‘टुरिझम दिरहम’ असतो. पंचतारांकित हॉटेलात तो दर खोलीमागे दर रात्री २० दिरहम. शिवाय कार्डावर अनामत अडकवून ठेवतात ती वेगळी. नागपुरात साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी आहे म्हणून भाऊ वर्षानुवर्षं सरकारला बोल लावत आले होते. त्या दिवशी त्यांनी सरकारला मनातल्या मनात थोडी सूट दिली. इथून पुढे प्रत्येक गोष्टीला तेवीस-चोवीसनं गुणणं सुरू झालं. कॉफीला गुणलं, टॅक्सीला गुणलं, वहिनींना आवडलेल्या पर्सला गुणलं आणि पर्स परत ठेवली.

हे गुणाकार एके काळी करावे लागत नसत, हे भाऊंना ठाऊक नाही. आखातात कैक वर्षं आपलाच रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि दुबईच्या बाजारात त्या १९६६ पर्यंत चालल्या. त्या वर्षी जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिथल्या राज्यकर्त्यांनी आपापली वाट धरली. भाऊ रोज ज्या रिझर्व्ह बँक चौकातून गाडी काढतात, तिथल्या सिग्नलवर कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं. मग लग्नातलं भाषण आणखी दहा मिनिटांनी वाढेल, ती जबाबदारी सांगणाऱ्याची.

खोली! असल्या हॉटेलातल्या खोलीत भिंतीवर बटण नसतं, असलं तर ते बटण वाटत नाही. पडदा हातानं ओढायचा नसतो. भाऊंनी टॅबलेटवर बोट लावलं तर पडदा उघडला, दुसरं बोट लावलं तर सगळे दिवे गेले, तिसऱ्याला टीव्हीवर अरबी बातम्या लागल्या. शेवटी दिवा बंद करण्यासाठी रिसेप्शनला फोन केला, आणि नेपाळचा एक पोरगा वर येऊन हसत हसत सगळं शिकवून गेला. आणखी एक गोष्ट या जातीच्या हॉटेलांना फार प्रिय असते: न्हाणीघराला काचेची भिंत. डिझाइनवाल्यांना तिच्यात मोकळेपणा दिसतो. वहिनींना त्यात दुसरंच काही दिसलं. त्यांनी त्या काचेवर हॉटेलचे दोन टॉवेल आणि भाऊंचं धोतर लावलं, मगच दात घासले. बादली-मग नव्हताच. पण संडासात फवारा होता. आखात आणि हिंदुस्थान यांच्यातली मैत्री नेमकी कशावर टिकून आहे, याचा परराष्ट्र खात्यानं अभ्यास केला तर पहिलं नाव या फवाऱ्याचं येईल. युरोप फिरून आलेले भाऊंचे साडू याच मुद्द्यावर गप्प होतात.

गेले होते मे महिन्यात, कारण उन्हाळ्यात तिथले दर उतरतात. सगळं जग दुबईच्या उन्हाला घाबरतं, नागपूरकर नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं काळजीनं सांगितलं, आज त्रेचाळीस आहे, बाहेर जपून. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद आहे, आणि ती खरी आहे. पण भाऊ ती सांगत नाहीत. ते सांगतात २०२४ च्या मे अखेरीचे ५६ अंश. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दाखवला होता आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं नंतर जाहीर केलं होतं. हे नंतरचं वाक्य भाऊ गाळतात. मात्र संध्याकाळी समुद्राकडून दमट वारा आला आणि ते पुरते घामाघूम झाले. ‘‘इथं कूलर चालणार नाही,’’ हा त्यांचा दुबईविषयीचा एकमेव तांत्रिक निष्कर्ष. तो अचूक आहे.

नाश्त्याला छत्तीस पदार्थ मांडलेले असोत, भाऊ डोशाच्या रांगेत. वाढणाऱ्यांत कुणी ना कुणी यवतमाळ-अमरावतीकडचा निघतोच; निघाला, आणि मग तर्रीशिवायच्या पोह्यांवर दोघांनी मिळून शोक केला. त्यानंच सांगितलं की बर दुबईला अल अदीलमध्ये भाजणीपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं. मूळचे विदर्भातले धनंजय दातार यांची ही पेढी. वडिलांनी १९८४ मध्ये लहानशा किराणा दुकानापासून सुरू केलेली. त्या दुकानात भाऊंनी जेवढा वेळ घालवला तेवढा बुर्ज खलिफात घालवला नाही. तिथून आणलेलं दही ठेवायला त्यांनी खोलीतल्या फ्रिजमधल्या बाटल्या बाहेर काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. अशा कित्येक फ्रिजांच्या तळाशी सेन्सर असतो. वस्तू थोडा वेळ बाहेर राहिली की ती प्यायली असं समजून बिलात पडते. ते बिल मिटवायला पाऊण तास लागला. भाऊ हा किस्सा सांगत नाहीत. तो वहिनी सांगतात.

तरीही एक कबूल करावं लागेल. त्या हॉटेलात सेल्फीसाठी येणारी सुंदर माणसं पोकळीकडे पाठ करून उभी असतात. भाऊ तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. काच कुठं वाकते ते पाहिलं, खांब कुठं उतरतो ते शोधलं, पुलाचा भार कुणीकडे जातो ते गार्डला विचारलं, आणि रात्री खाली जाऊन पोकळीतले दिवे लागलेले पुन्हा पाहून आले. हदीदबाईंना असाच पाहुणा हवा असणार. भिंतीवर टकटक करून पाहणारे त्यांना किती भेटले असतील?

परतल्यावर भाऊंचं ओपस खरं सुरू झालं. दिवाणखान्यात त्याचा फोटो लागला. बुर्ज अल अरबमध्ये चहा पिऊन आलेल्या मित्राला त्यांनी ऐकवलं, की १९९९ मध्ये उघडलेल्या त्या हॉटेलाला ‘सेव्हन स्टार’ म्हणतात ते सगळं वर्तमानपत्री, अधिकृत तारे पाचच. हे खरं आहे. पुढच्याच दमात त्यांनी ओपसला आठ तारे दिले. हे खरं नाही.

आता बेसा रोडवर भाऊंची सात मजली स्कीम येते आहे, आणि तिच्या मधोमध दोन मजल्यांचं भोक आहे. आर्किटेक्टनं हात जोडले, भागीदारानं बोलणं टाकलं, पण ब्रोशर छापून झालं. बुकिंगला जाणाऱ्या वाचकांसाठी एवढंच: महारेराच्या नियमांप्रमाणे फ्लॅट कार्पेट एरियावरच विकावा लागतो. भाऊ चहा-नाश्ता उत्तम देतील, भोकाचं महत्त्वही समजावून सांगतील. त्याचे पैसे मात्र देऊ नका.