त्वचेची चहाडी

त्वचारोगशास्त्राचा पाया मराठी भाषेने डॉक्टरांच्या कितीतरी आधी घातला असावा, कारण भीतीने अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो आणि संतापाने अंगाची लाही लाही होते, ही निदाने ती एकही तपासणी न करता करत आली आहे. त्वचेचा वरचा पापुद्रा आणि मज्जासंस्था ही दोन्ही गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या थरापासून घडतात, म्हणजे ती सख्खी भावंडे ठरतात. आणि घरातले बाहेर सांगू नये, हा संस्कार यांपैकी एका भावंडावर झालेलाच नाही.

मनावर ताण आला, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारे रसायन, अधिक प्रमाणात सोडतात. ताणाच्या अशा निरोपांनी त्वचेतील तैलग्रंथींना अवेळी हुरूप येतो, रोमरंध्रे तुंबतात आणि हळदीच्या आदल्या रात्री नवरीच्या नेमक्या नाकाच्या शेंड्यावर मुरूम उगवतो, ज्याला हात लावायचा नाही असे बजावत घरातल्या पाच जणी तो आळीपाळीने चाचपून पाहतात. लग्न पार पडते, कार्यालयाचे बिलही चुकते होते, परंतु ताणाने मुदतीआधीच विश्रांतीला गेलेले केस दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात येऊन आपला हिशेब मांडतात.

जखमाही या राजकारणातून सुटत नाहीत. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर 3.5 मिलिमीटरची जखम एकदा उन्हाळी सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी करण्यात आली, तेव्हा परीक्षेच्या काळातील जखम भरायला सरासरी 40 टक्के अधिक वेळ लागला. मात्र परीक्षेच्या तोंडावर टाळूला भोक पाडून घेण्यास राजी होणाऱ्यांच्या मनोवृत्तीचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा होता.

यावर ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सर्वमान्य उपाय असून तो दिवसातून चारदा ऐकल्यास अंगावर पित्त उठण्याचीही शक्यता असते. दुसरा उपाय गेंड्याची कातडी कमावण्याचा. परंतु प्रत्यक्षात गेंड्यालाही उन्हाचा चटका बसतो, कीटक चावतात आणि म्हणून तो बिचारा सर्वांगाला चिखलाचा लेप लावून बसतो.