यूएक्सवाला

यूएक्स डिझायनर हा सॉफ्टवेअर कंपनीत वापरकर्त्याच्या बाजूने भांडायला ठेवलेला पगारी वकील होय. अशिलाशी त्याची गाठ सहसा पडत नाही.

ही जमात फार जुनी नाही. डॉन नॉर्मन यांनी १९९३च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये आपल्या हुद्द्यात ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले, तिथून तिची वंशावळ मोजतात. हिंजवडी-खराडीकडच्या शाखेत दोन पोटभेद आढळतात. एक अहमदाबादच्या एनआयडीतून किंवा मुंबई आयआयटीच्या आयडीसीतून शिकून आलेला. दुसरा काल-परवापर्यंत दिवाळीच्या शुभेच्छांचे बॅनर करणारा आणि एका सोमवारी लिंक्डइनवर हुद्दा बदललेला. काम दोघांनाही सारखेच मिळते, म्हणजे बटणाचा रंग.

कामाबाहेरही त्याला चैन नसते. मूठ ओढायची आणि दार मात्र ढकलायचे, असे दार दिसले की तो सोबतच्यांना थांबवून नॉर्मन यांचा दाखला देतो. लग्नाच्या बुफेत ताट, वाटी, पापड असे दोन्ही हात भरल्यावर चमचे अगदी शेवटी ठेवलेले दिसले, तर ‘फ्लो चुकलाय’ असे म्हणून तो उभाच राहतो. मागची रांग खोळंबते.

प्रकल्पाची सुरुवात पर्सोनापासून होते. अ‍ॅलन कूपर यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत प्रत्यक्ष माणसांशी बोलून एक नमुनेदार वापरकर्ता उभा करायचा असतो. बोलायला बजेट नसल्याने तो भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांतून उभा राहतो: ‘सुनीता, वय ३४, ठाणे, दोन मुले, वेळ कमी.’ फोटो फुकटच्या संग्रहातला असल्यामुळे ठाण्याची सुनीता स्वीडनची दिसते.

मग येते रिव्ह्यू मीटिंग. डेटाबेसवाल्याला कुणी सल्ला देत नाही. स्क्रीन मात्र सगळ्यांनाच कळते. क्लायंटला लोगो जरा मोठा हवा असतो, सेल्सला सगळेच पहिल्या पानावर हवे असते आणि डायरेक्टरांच्या घरी हिरवा रंग आवडलेला नसतो. वापरकर्त्याला काय हवे, हा प्रश्न ‘फेज टू’मध्ये जातो. पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक चुका सापडतात, असे जेकब नीलसन यांनी २००० साली लिहिले. मॅनेजर या पाचांत एचआरच्या दोघी, टेस्टिंगचे दोघे आणि स्वतः असे धरतो.

खरी फजिती मराठी आवृत्तीत होते. फिग्मा या डिझाइनच्या साधनातल्या चित्रात ‘सबमिट’ बटणात नेटके बसलेले असते. प्रत्यक्षात ‘अर्ज सादर करा’ आल्यावर बटण दोन ओळींचे होते. ओळींमधले अंतर रोमन लिपीच्या हिशेबाने ठरवलेले, त्यामुळे वरून वेलांटी छाटली जाते आणि खालून उकार. ‘कुर्डूवाडी’ निवडणाऱ्याला स्क्रीनवर भलतेच गाव दिसते. हे कळते रिलीजच्या आदल्या संध्याकाळी. डेव्हलपर शांतपणे सांगतो, ‘डिझाइनमध्ये जसं होतं तसंच केलंय.’ आणि ते खरेही असते.

क्वचित या माणसाला नैतिक बळही लागते. सदस्यत्व घेण्याचे बटण ठळक आणि रद्द करण्याचे सापडू नये असे, अशी मागणी धंद्याच्या बाजूने नेहमीच येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ क्लृप्त्या नावानिशी वर्ज्य ठरवल्या. तोवर त्याच्या हाती फक्त सदसद्विवेक होता, आणि त्याचे जिरा या कामे नोंदवायच्या प्रणालीत तिकीट काढता येत नाही.

दोन-तीन वर्षांनी तो कंपनी बदलतो. पोर्टफोलिओत बाजारात आलेले अ‍ॅप नसते. मीटिंगमध्ये नाकारलेली मूळ स्क्रीन असते, आणि ती खरोखरच चांगली असते. नव्या कंपनीला ती फार आवडते. शनिवार-रविवारात घरी बसून त्यांच्या अ‍ॅपचे नवे डिझाइन फुकट करून आणायला सांगतात, आणि जाता जाता विचारतात, लोगो थोडा मोठा चालेल ना?