घरगुती कटशास्त्र

सरकारच्या प्रत्येक कामामागे दुसरंच काही काम असतं, असं धरून रविवारचा वरणभात थंड करण्याच्या विद्येला घरगुती कटशास्त्र म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत तिचे दोन पंथ आढळतात. ‘हे सगळं ठरवून चाललंय’ म्हणणारा एक, आणि ‘पुरावा काय?’ असं विचारून उत्तर यायच्या आत मोबाइल काढणारा दुसरा. प्रस्तुत नोंदीचा लेखक दुसऱ्या पंथातला. मुलुंड पूर्वेला राहणारे त्याचे थोरले काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले अण्णा, पहिल्या पंथाचे मठाधिपती.

ही विद्या मोबाइलच्या आधीपासूनची आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी वदंता उठली आणि गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. हाफकिन या शास्त्रज्ञानं 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगवरची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. हा दाखला लेखक दर वेळी, घसा खाकरून देतो. अण्णांचं उत्तरही ठरलेलं आहे : ‘बाटलीत काय होतं, तू बघितलंस?’

अर्वाचीन काळाची सुरुवात नोटबंदीच्या, 8 नोव्हेंबर 2016 या तारखेनं होते. दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी वरून दिसते, ही बातमी अण्णांना सगळ्यात आधी कळली होती. काकूंनी साबुदाण्याच्या डब्यात ठेवलेल्या अशा दोन नोटा मात्र 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती नोट मागे घेतली तेव्हाच सापडल्या. त्यावर अण्णा म्हणाले, स्टीलच्या डब्यातून सिग्नल जात नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसाशी या मुद्द्यावर वाद घालता येत नाही.

यापुढचा विषय कचरा. तो खरं तर पोटविषय आहे, पण टाळता येत नाही. मुलुंडकरांना कचऱ्याचं शास्त्र नाकानं शिकवलेलं आहे; तिथलं डम्पिंग ग्राउंड 2018 मध्ये बंद होईपर्यंत वारा कुठून वाहतो हे सांगायला हवामान खात्याची गरज नव्हती. ओला आणि सुका कचरा वेगळा करा, असं महापालिका सांगते. अण्णांच्या मते खाली गाडीत दोन्ही एकच होतात आणि जनता किती आज्ञाधारक आहे, हे तपासायला हा खेळ मांडलाय. एवढं बोलून ते उठतात, दुधाची पिशवी धुतात आणि दोरीवर चिमट्यानं वाळत घालतात. पिशवीचा कापलेला कोपराही जपून ठेवतात. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या वेगळ्या. नारळाची शेंडी सुकी, करवंटीही सुकी, पण खोबरं चिकटलेलं असेल तर खरवडून मगच सुकी. आंब्याच्या कोयीवर त्यांचा स्वतंत्र निर्णय आहे : नीट चोखली असेल तर सुकी, नाहीतर ओली, पाहुण्यांनी टाकलेल्या कोयी पुन्हा तपासायच्या. मे महिन्यात त्यांच्याकडे जेवलेल्या माणसाला हा अनुभव विसरता येत नाही. ‘खाली एकच होतं म्हणता, मग हे कशाला?’ असं लेखकानं एकदा विचारलं. ‘ते एकत्र करतात ते त्यांचं पाप. माझ्या घरातून वेगळा गेला पाहिजे.’

लेखकाच्या अंधेरीच्या घरी हिरवा आणि निळा असे दोन सुंदर डबे आहेत. जो जवळ असेल त्यात टाकलं जातं. यंत्रणेवर त्याचा विश्वास आहे.

हा विश्वास एकदाच डळमळला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. दोन दिवसांनी रात्री जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत पाणी येतंय, अशी आवई उठली. अरुंद गल्ल्यांतून माणसं धावली आणि चेंगरून मेली. त्यांत मुलंही होती. पाणी आलंच नव्हतं. अफवा माणसं मारते हे सांगायला लेखक नेहमी हेच उदाहरण काढतो. अण्णा एकदाच त्यावर बोलले, आवाज न चढवता : ‘26 ला कुणी काही सांगितलं असतं, तर 28 ला त्यांनी कुणा ओरडणाऱ्याचं ऐकलं नसतं.’ त्या रविवारी वरणभात गरम असतानाच संपला.

मतदान हा शास्त्राचा शेवटचा भाग. मुंबईत लोकसभेचं मतदान 20 मे 2024 रोजी, सोमवारी होतं. शनिवारी लेखकानं घरच्या ग्रुपवर नागरिकांच्या कर्तव्यावर सहा परिच्छेद टाकले आणि तो सहकुटुंब अलिबागला गेला. मशीन आधीच सेट केलेलं असतं असं मानणारे अण्णा सकाळी सात वाजता, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन शाळेच्या रांगेत उभे होते. मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी मशीनच्या काचेत सात सेकंद दिसते. अण्णांच्या मोजणीत ती साडेसहा भरली. दुपारी लेखकानं समुद्रावरचा फोटो टाकला. शहाळं धरलेल्या हाताकडे बघून काकूंनी एवढंच लिहिलं : ‘शाई दिसत नाही रे.’

प्रायश्चित्ताची संधी 15 जानेवारी 2026 रोजी आली. मुंबई महापालिकेची निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांनी होत होती. या वेळी चिठ्ठीच नव्हती, त्यामुळे अण्णांचा संशय पूर्ण झाला होता, आणि ते रांगेत पहिले होते. लेखकानंही मत दिलं. बोटावर मार्करनं लावलेली शाई पुसली जाते, अशा तक्रारी दिवसभर कानावर येत होत्या. संध्याकाळी तिळगूळ घ्यायला तो मुलुंडला गेला आणि ही अफवा सर्वांसमक्ष खोडून काढायची म्हणून त्यानं चुलतबहिणीकडून नेलपॉलिशचं रिमूव्हर मागवलं. कापसाचा बोळा भिजवून अण्णांचा हात मागितला. अण्णांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला. मग लेखकानं स्वतःच्याच बोटावर प्रयोग केला. तिसऱ्या घासणीला बोट बऱ्यापैकी स्वच्छ झालं.

अण्णा काही बोलले नाहीत. काकूंनी तिळगूळ दिला. ग्रुपवर टाकायचा फोटो काढायचा राहूनच गेला होता.